धामणीसमोर घेतलेला नियम

वारणाकाठच्या एका गावात चंदनबाला राहतात. वय साठीकडे झुकलेले. दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकणाऱ्या आणि मुंग्यांना न चुकता पीठ घालणाऱ्या या जैन बाईंना आपला धर्म चांगला कळतो, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत बचत गटाच्या सहलीत डळमळली.

सहल सांगलीकडच्या एका प्राणिसंग्रहालयात गेली होती. तेथे समीक्षा नावाची मुलगी येणाऱ्या लोकांना प्राणी दाखवीत, आणि निसर्गाला धरून कसे जगावे हेही शिकवीत असे. काचेमागच्या धामणीपाशी उभी राहून ती म्हणाली, "काकू, ऊस तुटल्यावर शेतात उरलेला वाळका पाला, पाचट, तुम्ही पेटवता. त्यात हिच्यासारखे किती जीव जळतात! तेच पाचट सरीत कुजू द्या. जमीनही सुधारेल."

चंदनबालांनी तत्काळ हात जोडले आणि मुनिमहाराजांसमोर घ्यावा तसा नियम घेतला. "आजपास्नं पाचट पेटवणार न्हाई. जन्मभर."

समीक्षा गडबडली. "अहो काकू, शपथ कशाला? मी फक्त माहिती सांगते!"

बायका खो खो हसल्या. घरी हे ऐकून पती अजितकुमार मात्र हसले नाहीत. ऊस नुकताच तुटला होता आणि सकाळी पाचट पेटवून खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडायचे ठरले होते.

"नेम महाराजांफुडं घेत्यात," ते म्हणाले. "सापाफुडं कवापास्नं घ्याया लागलो आपण?"

"आवं, जीवदयेचाच हाय की."

"आन् पाचटात उंदरं मातली म्हंजे? त्यास्नीबी पीठ घालशील?"

चंदनबाला गोंधळल्या. नियम मोडला तर पाप लागणार. पण तो लागू तरी झाला होता काय? सोडवून घ्यायचा तर कोणाकडे जावे, महाराजांकडे की त्या मुलीकडे?

सकाळी अजितकुमार काडेपेटी घेऊन बांधावर आले. चंदनबाला आधीच पाचट सरीत ओढत होत्या. तेवढ्यात पाचट सळसळले आणि एक लांबलचक धामण बाहेर आली. तिच्या तोंडात उंदीर होता.

अजितकुमारांना आयताच मुद्दा सापडला. "बग! पेटवलं आस्तं तर आगीचं पाप. आता ह्या उंदराचं कुणाच्या माथ्यावर? धामणीच्या का तुज्या?"

चंदनबालांनी पतीच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"मला न्हाई कळत. महाराज आल्यावर इचारू. तवर तुमी पल्याडची सरी धरा."

"सापाची चेली!" असे पुटपुटत अजितकुमार वाकले आणि पाचट ओढू लागले.

इकडे घरी सून चहासाठी दुपारपर्यंत काडेपेटी शोधत होती.