करंगळीची राखण

बोरीवलीच्या त्या सोसायटीत सुगंधा गावडेला सगळे ओळखतात ते तिच्या तोंडासाठी. टँकरवाला असो की सेक्रेटरी, ती कोणाचीच भीडभाड ठेवत नाही. मात्र देवाशी तिचं वागणं एकदम सरळ: बोललं की द्यायचं. म्हणूनच दर डिसेंबरात नवरा ट्रेकला निघाला की त्याच्या सॅकेत एक नारळ जायचा.

त्याचं असं झालं. लवू गावडे, एका छापखान्यातला कामगार, लग्नाच्या वर्षीच सोसायटीतल्या मित्रांबरोबर घाटातल्या एका डोंगरावर गेला होता. वर तळं आहे आणि तळ्याच्या उशाला करंगळी नावाचा सुळका. रविवारी रात्री येणारा माणूस उगवला सोमवारी दुपारी. मोबाइल तेव्हा होते कोणाकडे! सुगंधा माहेरची मालवणकडची. तिने रात्रभर देवाला वेठीला धरलं आणि बोलून बसली, माणूस धड घरी येऊ दे, त्या डोंगराच्या राखणदाराला दरवर्षी अगदी टोकावर नारळ देईन. त्यांच्याकडे जागा तिथे राखणदार, आणि त्याला जे द्यायचं त्याचं नाव राखण. ती चुकली की घराला बाधते, यात तिच्या लेखी वादाला जागाच नव्हती.

लवू परत आला की ती दारातच विचारायची, “राखण झाली?”

“झाली,” म्हणत तो प्रसादाची वाटी पुढे करायचा.

“वरसून काय दिसता?”

“सगळा दिसता.” आणि स्वारी आंघोळीला पसार.

यंदा लवूचा गुडघा बदलला. “या वर्षी ऱ्हवांदे,” तो म्हणाला.

“ऱ्हवांदे म्हणजे? देव काय सुट्टीवर गेलो? मीच जातंय.”

लवूचा चेहरा पडला. “सुबोधकडे दी नारळ. तो दितलो.”

“नवस माझो, सुबोधचो न्हय.”

तिला वाटलं, आपल्या काळजीने बिचारा एवढासा झालाय. लेकीची ट्रॅक पँट चढवून, वर कुर्ता घालून ती पहाटे बसमध्ये बसली.

तळ्यापर्यंतची वाट तशी काही वाईट नव्हती. बोलता बोलता ती पोरासोरांच्या पुढेच निघाली. तळं मात्र तिला लहान वाटलं, गावच्या देवळामागच्या तळ्याएवढंच. काठाला एक सपाट कातळ होता. सगळ्यांनी सॅक त्याच्यावर टाकल्या. सुबोध, हल्ली हा ट्रेक नेणारा, दोर मोकळा करत म्हणाला, “काकी, तुम्ही इथे बसा राखणीला. लवूकाकांचीच जागा ही.”

“राखण वर द्यायची ना रे?”

“वर काय द्यायचंय? सॅकांची राखण हो! माकडं जाम वांड आहेत इकडची. काका दरवर्षी राखणीलाच असतात. नारळ ह्याच दगडावर फोडून आम्हाला प्रसाद वाटतात ना.”

सुगंधाला आधी कळेचना. मग कळलं. राखण झाली? झाली. एवढी वर्षं मेल्याने शब्द न् शब्द खरा सांगितला होता आणि आपल्याला शेंडी लावली होती! संताप आलाच, पण त्याच्या तळाशी भीती होती. नवस एकदाही फेडलेला नाही. तो फिटला, या भरवशावर आपण निर्धास्त झोपत आलो.

“दोर कुठे लावतोस?” तिने विचारलं.

“काकी, वाट लागेल हां. शेवटचा टप्पा नुसता खडक आहे.”

“लागू दे.”

ट्रेकमधली, पायाला फोड आलेली दर्शना राखणीला बसली. सुगंधाने नारळ ओढणीत गुंडाळून कमरेला घट्ट बांधला, देवाचं नाव घेतलं आणि दोर धरला. निम्मा खडक ती त्या रागाच्या भरातच चढली. मग हाताला नुसता गुळगुळीत दगड लागला. पुढची खाच हाताच्या वर राहिली आणि तिने पाहू नये तिथे, खाली पाहिलं. दोर दोन्ही हातांनी आवळून ती खडकाला चिकटली.

“सावकाश, काकी,” वरून सुबोध म्हणाला. “माझे बाबा तेव्हा बरोबर होते, ते सांगायचे, पहिल्या वर्षी काका इथेच अडकले होते. डोळे फिरले, ना वर ना खाली. उतरवता उतरवता अंधार पडला, मुक्काम करावा लागला. त्यानंतर काका वर आलेच नाहीत. पण ट्रेक एकही चुकवला नाही हां.”

म्हणजे तो सोमवार हा होता. ज्या खडकाने माणूस तिच्याकडे उशिरा धाडला, त्याच खडकावर दरवर्षी चढ म्हणून तिने त्याच्याच हातात नारळ दिला होता. आणि तिच्यासमोर “माका भीती वाटता” म्हणायची त्याची छाती झाली नव्हती. सोसायटीचा सेक्रेटरी घाबरतो, तिथे लवूचं काय! तिला एकदम फार वाईट वाटलं. ती तशीच खडकाला चिकटून थोडा वेळ रडली. मग सुबोधने दोर ताणून धरला, तिने गुडघा घासत स्वतःला वर ओढलं.

टोकावर देऊळबिऊळ काही नव्हतं. एक धोंडा आणि विटलेला झेंडा. तिने नारळ फोडला, अर्धा धोंड्यापाशी ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, इतकी वर्षां राखण खाली झाली ती पदरात घी. माणूस भितो, पण येवक चुकलो नाय.” यावर सोबतच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. सुबोध नुसताच हात जोडून उभा, तेव्हा तेही तिनेच म्हटलं.

खाली तळं दिसत होतं, काठाचा कातळ दिसत होता. त्याच्यावर बसलेली दर्शना मान वर करून टोकाकडेच बघत होती.

घरी लवू पाय लांब करून दाराकडे तोंड करून बसला होता. सुगंधाने नारळाची वाटी त्याच्या हातात दिली.

“राखण झाली. वर,” ती म्हणाली.

लवूने मान खाली घातली. वाटी नुसतीच हातात फिरवत राहिला. मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, “वरसून काय दिसता गो?”

बोलायचं ते सगळं तिने बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच तिने काढलं नाही.

“सगळा दिसता,” सुगंधा म्हणाली. “तुमचो कातळ पण दिसता. पुढच्या वर्षी नारळ मी वर नेतंय. तुमी राखणीक बसा.”