सिलिकाच्या रांगेतली दोन झाडं

सिलिकानं झाडाला फायदा होतो का, असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि विचारतात सगळेच. सोसायटीतले गच्चीवर वांगी-मिरच्या लावणारे विचारतात, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारे विचारतात. "तुम्ही तर प्रयोग केलेला ना साहेब?" केलेला. चार वर्षं त्या प्रयोगाबद्दल बोलणं टाळलं, आता लिहून टाकतो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, गेज लावून माप तपासायचं, नापास मालाला लाल टॅग बांधायचा, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. बायको पुनावळ्याची, जुन्या गावठाणातली. तिचा धाकटा भाऊ उरलेल्या बारा गुंठ्यांत शेडनेट टाकून काकडी करतो. मातीत नाही, नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत. खतपाणी सगळं ठिबकनं. तीन बाजूंनी इमारती आणि मधे हा हिरवा तुकडा. हा मेहुणा मला दाजी म्हणतो आणि माझा शब्द म्हणजे गेज समजायचा. पंचाईत तिथंच झाली.

त्या वर्षी त्याच्या काकडीवर भुरी यायला लागली. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी. कुणीतरी त्याला सिलिका द्यायला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

"दाजी, सिलिका म्हंजे वाळूच की वो. वाळू पाजून झाड कसं सुधारंल?"

मी म्हणालो, प्रयोग करून बघू. गच्चीवर मातीच्या बारा कुंड्या मांडल्या, टोमॅटो लावले. डावीकडच्या सहांना सिलिका, उजवीकडच्या सहांना साधं पाणी, बाकी सगळं सारखं. तक्ता आखला. दर रविवारी मोजपट्टी घेऊन हजर.

दोन महिने मोजलं. फरक काही नाही. उलट सिलिकाच्या रांगेतली दोन झाडं आखडली, पानं वळली. बायको कपडे वाळत घालताना म्हणायची, "तुमच्या वाळूवाल्यांपेक्षा माझी बिनवाळूची बरी दिसतायत!"

यात नवल काहीच नव्हतं. मातीत सिलिका मुळात असतेच, आणि टोमॅटो ती फारशी घेत नाही. भात घेतो, ऊस घेतो, काकडी घेते. भुशाच्या पिशवीत माती नाही, म्हणून तिथं बाहेरून देण्याला काही अर्थ असू शकतो. म्हणजे मी चुकीचं झाड चुकीच्या जागी लावून मोजत बसलो होतो. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला काय झालं होतं? मोजायच्या आधी भागाचं ड्रॉइंग बघितलंस का, म्हणून कंपनीतल्या पोरांवर ओरडणारा मीच.

एका शनिवारी मेहुण्याचा फोन आला, उद्या कुंड्या बघायला येतो.

आमच्याकडे कंपनीत एक रीत आहे. ऑडिटवाले यायच्या आदल्या दिवशी ट्रॉलीतला वरचा थर बदलतात. खोटं कुणी बोलत नाही. चांगले नग वर, बाकीचे खाली, एवढंच. या रीतीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्या संध्याकाळी मीच उजवीकडच्या दोन तरारलेल्या कुंड्या उचलून डावीकडे ठेवल्या, आणि आखडलेल्या दोन उजवीकडे. कशासाठी? बायकोचे टोमणे, आणि मेहुण्यासमोर दाजीचा प्रयोग फसलेला दिसायला नको. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

तो आला. कमरेवर हात ठेवून दोन्ही रांगा बघितल्या. "आयला दाजी, हाय की फरक!" बायकोनं कुंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा टाकायला निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात त्यानं सिलिकाचा कॅन आणला आणि मला फोन केला. मी कंपनीत, लाइनवर. एक लॉट अडकलेला, गिऱ्हाइकाचा माणूस डोक्यावर उभा.

"दाजी, खताच्या दोन टाक्या हायत. एक कॅल्शियमची, एक दुसरी. कुठल्या टाकीत वतू?"

"अरे कुठल्याही ओत राव, काय फरक पडतो!"

फरक पडतो. सिलिका आधी एकटीच भरपूर पाण्यात मिसळायची, बाकीची खतं मागून. कॅनवर तसं छापलेलंच असतं आणि गच्चीवरच्या बाटलीवर मी ते वाचलेलं होतं. त्यानं ती कॅल्शियमच्या दाट खतात ओतली. टाकीत साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा झाला आणि ठिबकच्या नळ्यांत जाऊन बसला. मे महिना. भुशात ओल ती किती टिकणार? त्याच्या लक्षात येईपर्यंत वेलींनी माना टाकल्या होत्या. सगळी काकडी गेली.

"माझंच माप चुकलं," तो सगळ्यांना सांगत होता. "दाजींनी तर करून दाखवलं हुतं." घरच्यांनी त्याला फैलावर घेतलं. मी तिथंच बसलो होतो. फोनचं तो बोलला नाही. मीही नाही.

तेव्हापासून तो साधं पाणी सोडायचं असलं तरी मला विचारायचा. "दाजी, पिशव्या बदलू का?" "दाजी, शेंडा खुडू का?" मी खेकसायचो, "स्वतःचं डोकं चालव की!" आपण नक्की कुणावर खेकसतोय हे कळायचं, त्यामुळे आवाज आणखी चढायचा.

दोन महिन्यांपूर्वी तो म्हणाला, शेड मोडतो. जागा गाड्या धुण्याच्या सेंटरला भाड्यानं देतो. "माझ्या हाताला गुण न्हाई दाजी. तुमी चांगली वस्तू दिली, ती मी नासवली."

तिथंच, काकडीच्या दोन ओळींमधे उभं राहून मी सगळं सांगितलं. कुंड्या, फोन, बाटलीवरची सूचना. तो एका वेलीची वाळकी पानं काढत राहिला.

"तुमाला ठावं हुतं?"

"होतं."

"आई जाईस्तोवर म्हणत हुती, ह्या पोराच्यानं काय व्हत न्हाई." मग म्हणाला, "तवा तरी बोलायचं, दाजी."

घरी येऊन बायकोवर चिडलो, तुला दिसलं होतं तर तू का गप्प बसलीस? ती म्हणाली, "मी काय बोलणार? क्वालिटीवाले तुम्ही."

दीड महिना त्याचा फोन नाही. शेवटी परवा मीच गेलो. शेड जागेवर होती. आत काकडीच्या दोन ओळी नव्यानं लावलेल्या, आणि प्रत्येक पिशवीवर ऑइलपेंटनं भला मोठा नंबर. शेजारी एक वेगळं पिंप, नुसतं पाणी आणि सिलिका कालवायला. मला त्यानं यातलं काही विचारलं नव्हतं. मी ओळीत शिरायला गेलो.

"तिथनंच बघायचं, दाजी. हात मागं बांधा."

मी बांधले. बराच वेळ बघून म्हणालो, "डावीकडं भुरी जरा कमी वाटतेय."

"आत्ताच काय सांगू नका," तो म्हणाला, आणि वहीत नंबर लिहीत पुढच्या पिशवीकडे सरकला.