हलक्या रॅकेटला चिकटवलेलं वजन

टेनिसवर मी लिहावं एवढा काही मी मोठा नाही, तरी लिहितोय, माफ करा. गरम रबराचा वास आला की कॉलेजच्या संघातली ती एकच उरलेली जागा आठवते. ती मला मिळणार होती किंवा माझ्या मित्राला. त्याच्या मामाने त्याला नवी, अगदी हलकी रॅकेट आणली होती. नेटजवळ ती अशी झरझर फिरायची की माझा जीव जळायचा. पण मी जोरात मारलं की ती त्याच्या हातात वळायची, चेंडू भलतीकडे जायचा, आणि मला बरं वाटायचं. माझे वडील चाकण रस्त्यावर टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करतात. एके दिवशी मित्र रॅकेट घेऊन थेट तिथेच आला. "काका, हिला जरा वजन पायजे." वडील हसले, "व्हय, चाकाला लावतो तसं हिलाबी लावू की!" त्यांनी चाकाच्या रिमला चिकटवायची छोटी वजनं रॅकेटच्या दोन्ही कडांना बसवली आणि हवेत फिरवून पाहिली. "झ्याक हाय राव!" माझी रॅकेट त्यांनी कधी हातातही घेतली नव्हती. नंतर रॅकेट त्याच्या हातात वळेना, माझे जोरातले फटके तो सहज परतवू लागला, आणि जागा त्याला मिळाली. काल कळलं, विद्यापीठाच्या संघातही त्याची निवड झाली. त्याने फोन माझ्या वडिलांना केला होता, मला नाही.