दिसणारी डिस्क

गाडीच्या ब्रेकची डिस्क निवडताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण असतं? माझ्या डोळ्यांसमोर मीच होतो. माझ्या छोट्या, चपळ गाडीच्या डिस्क झिजल्या होत्या. दुकानात साध्याही होत्या आणि भोकं पाडलेल्याही. "चाकातून कुठली उठून दिसेल?" मी दुकानदार काकांना विचारलं. सोबत आलेली ताई हसली, "अरे, ब्रेक घेतोयस की बांगड्या?"

तेवढ्यात समोरच्या चौकात एक आजोबा तळहात वर करून रस्त्यात उतरले. आपल्याकडे सगळे असाच रस्ता ओलांडतात. त्या हातात ना शिट्टी असते, ना सत्ता. फक्त अनोळखी माणसाच्या ब्रेकवर टाकलेला विश्वास. एक गाडी त्यांच्या गुडघ्यापाशी करकचून थांबली आणि वर तिनेच हॉर्नही वाजवला. ओशाळले ते आजोबाच.

पायी चालणाऱ्यांच्या हक्काची पत्रकं मी याच चौकात वाटतो. आणि इथे मी त्यांचा जीव वाचवणारं साधन शोभेसाठी पारखत होतो! लाजेने कान तापले. "काका, लवकर थांबवेल ती द्या," मी म्हणालो. ताईकडे बघवलं नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. रस्त्यात असा हात दिसला की हॉर्न न वाजवता थांबा, आणि तो माणूस पलीकडे पोचेपर्यंत गाडी हलवू नका.