अकरा बाटल्यांना दादरा

ग्रहणाच्या दिवशी मी घरातल्या वाईनच्या अकरा बाटल्यांची बुचं उपसली आणि एकेका बाटलीत तुळशीचं एकेक पान सोडलं. पूर्ण शुद्धीत केलं. थेंबही तोंडात गेला नव्हता. गेला असता तर निदान सांगायला सबब तरी होती.

नातीला हा किस्सा फार आवडतो. मैत्रिणींना फोनवर सांगते, मग फोन माझ्या हातात देते, "आज्जी, आता तू सांग." मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. पण मी गोष्ट पानापर्यंतच नेते आणि तिथंच आवरती घेते. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून बरं असतं. ते इथं लिहिते.

आमचे हे हिंडलग्याचे. घरी शेती, पण नोकरी बेळगावातल्या एका शाळेत, प्रयोगशाळा सांभाळायची. काचेच्या नळ्या, रबरी बुचं, तापमापी असल्या वस्तूंवर ह्यांचा जीव. त्याच शाळेत कॅम्पातली एक आंटी टायपिस्ट होती. नाताळात ती घरी केलेली द्राक्षाची वाईन स्टाफला पेला पेला द्यायची. बाकीचे पिऊन मोकळे झाले. ह्यांनी विचारलं, "आंटी, कशी करता?" झालं. त्या वर्षीपासून आमच्या मागच्या खोलीत पलंगाखाली बरण्या गुडगुडायला लागल्या.

द्राक्षं अथणीकडची, करवंदं खानापूरच्या रानातली, जांभळं सांबऱ्याची. रिकाम्या बाटल्या खडेबाजारामागच्या भंगारवाल्याकडून. त्या आणायचं काम माझं, कारण हे शाळेतले आणि विद्यार्थी सगळीकडं. मी पदर ओढून, किणकिणणारी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसमध्ये बसायची. एकदा शेजारी चुलत सासूबाईच येऊन बसल्या. "पिशवीत काय गं?" मी म्हटलं, "रॉकेल." त्या म्हणाल्या, "एवढ्या बाटल्यांत? घर पेटवतीस का काय?" तेव्हाचं माझं ते ध्यान आज मला भेटलं तर मी त्याचा कान पिळीन. रॉकेल म्हणे!

पहिल्यांदा ह्यांनी मला जांभळाची दिली ती मी कोकम सरबतासारखी घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि विचारलं, "थोडं जिरं-मीठ घातलं तर?" दुसऱ्यांदा सात वर्षांची द्राक्षाची दिली. मी बाटलीवरच्या चिकटपट्टीवरचं साल वाचलं आणि पेला खाली ठेवला.

"सात वर्सांची? शिळी की हो!"

"शिळी न्हाय गं, मुरलीया. लोणचं मुरतंय का न्हाय?"

"लोणच्याला मीठ असतंय."

"हिला बूच असतंय. हवा लागली की गेली. आता गप बस, आणि तोंडानं नको, आधी नाकानं पी."

(बुचाचं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, हे लक्षात घ्या. माझं कुठं होतं लक्ष!)

नाकानं पी म्हटल्यावर मात्र मी गडबडले नाही. मी निपाणीची. माझे आप्पा तंबाखूच्या वखारीत माल पारखायचे. पान मुठीत चुरायचं, नाकाशी न्यायचं आणि कुठल्या शेतातलं, किती दिवस थप्पीत मुरलेलं, ते सांगायचं. मी त्यांच्या मागंमागं हिंडत वाढले. तर मी पेला नाकाशी नेला आणि म्हटलं, "आमच्या वखारीचा वास येतोय. पावसाळाभर दार बंद ठेवून पहिल्यांदा उघडल्यावर येतो ना, तसला. आणि मागनं मनुका."

ह्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, वास घेतला, परत घेतला. मग म्हणाले, "अगं, मला हे कधीच आलं नव्हतं."

तेव्हापासून आमचं चालू झालं. दरवर्षी गणपती उठले की त्या रविवारी दुपारी मागच्या पडवीत बसायचं. शाळेतून बाद झालेली छोटी काचेची चंचुपात्रं पुढ्यात मांडायची. आधी नवी, मग जुनी, मग तिच्याहून जुनी. करवंदाची नवी असली की तोंडात शिरताशिरताच भांडण काढायची. तीन वर्षांनी तीच शहाणी व्हायची, पण कुठंतरी काटा असायचाच. जांभळाची आधी नुसती तुरट, जीभ आखडून जायची. दहा वर्षं ठेवली तर तिच्यात ओल्या सालीचा, पावसात भिजलेल्या झाडाचा वास यायचा आणि तुरटपणा कुठं गेला ते कळायचं नाही. हे वहीत लिहून घ्यायचे. मी बोलायची, हे लिहायचे. एक घोट घेऊन थुंकायचं असतं, नाहीतर पुढची कळत नाही, असं आंटीनं शिकवलं होतं. मी म्हटलं, "थुंकायचं आमच्या गावाला शिकवू नका." हे एवढे हसले की हातातली अख्खी सांडली.

मग ह्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली.

मी तंबाखूच्या पोत्यांवर लोळत वाढलेली बाई. माझ्या तोंडाला काही नाही. ह्यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा चघळली नाही. डॉक्टरांच्या पुढ्यात मी हे दोनतीनदा बोलून दाखवलं, जसं काही चुकून दुसऱ्याची फाईल आमच्याकडं आलीय. डॉक्टर म्हणाले, लाईट द्यावा लागेल, म्हणजे किरणांचा शेक, सहा-सात आठवडे. त्याआधी मागच्या खराब दाढा काढायच्या, जखम भरू द्यायची, मग सुरू. आणि चव जाईल. कुणाची परत येते, कुणाची नाही.

ह्यांनी एवढंच विचारलं, "जखम भरल्यावर, लाईट चालू व्हायच्या आदी, एकदा वाईनची चूळ भरली तर? थुंकीन."

डॉक्टर हसले. मला वाटतं, त्यांना असलं कुणी विचारलं नसावं. "एकदाच. आणि गिळायची नाही."

पलंगाखाली तेव्हा अकराच बाटल्या होत्या. येता-जाता बसमध्ये ह्यांनी बेत ठरवला. सोमवारी लाईट सुरू, तर आदल्या रविवारी एकेक घोट, नव्यापासून जुन्यापर्यंत. सगळ्यांत जुनी एकोणीस वर्षांची, सांबऱ्याच्या रस्त्याकडेच्या जांभळाची. ते झाड रस्ता रुंद झाला तेव्हाच गेलं होतं. त्या झाडाची तेवढी एकच बाटली उरली होती. हे म्हणाले, "ती शेवटाला. मग चव गेली तरी चालंल, ती तोंडात धरून जाऊ."

दाढा काढल्या. गाल सुजले. आणि मधेच ग्रहण आलं.

हे त्या दिवशी दवाखान्यात, चेहऱ्याचं माप द्यायला. लाईट देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, त्याचं माप. मी घरी एकटी. वेध लागायच्या आत मी नेहमीसारखी दुधात, दह्यात, पाण्याच्या घागरीत, लोणच्याच्या बरणीत तुळशीपत्रं टाकत सुटले. आईनं लावलेली सवय. तुळस पडली की त्या जिनसाला ग्रहण लागत नाही. टाकता टाकता मला पलंगाखालच्या बाटल्या आठवल्या.

आता त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, डोक्यात काय होतं ते नीट सांगते, कारण तेवढं सांगायला मला लाज वाटत नाही. घरात जे लागायचं ते लागलं होतं. ह्यांच्या तोंडात उघडी जखम होती. त्या जखमेवर हे ग्रहण लागलेली वाईन धरणार, आणि ती मी डोळ्यांनी बघणार? मी बुचं उपसायचा पेच घेतला, खाली बसले आणि एकेक बाटली उघडली. मेण खरवडलं, पान सोडलं. दोन बुचं मोडली, बाकीची परत आत जाईनात. मग मी माझी अक्कल चालवली. लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्याचा एकेकीला दादरा बांधला, वर दोरा गुंडाळला. अकरा बाटल्या पांढरी टोपरी घातलेल्या पोरांसारख्या ओळीनं बसल्या होत्या. मला फार छान वाटलं. हात जोडले.

बाटल्यांना उगाच हात लावायचा नाही, हा नियम ह्यांचाच. त्यामुळं दहा दिवस कुणी पलंगाखाली वाकलं नाही.

रविवारी दुपारी ह्यांनी पडवीत चंचुपात्रं मांडली. अकरा. वही काढली. पहिली बाटली आणायला आत गेले आणि दादरा बांधलेली बाटली तशीच हातात घेऊन बाहेर आले. बाटलीभोवती बारीक चिलटं घोंगावत होती.

"हे काय गं?"

"ग्रहण होतं न्हवं?"

"मग?"

"तुळस घातली."

"बाटलीत?"

"व्हय."

"बूच काढून?"

"मग बुचातनं कशी जाणार?"

हे उत्तर मी खरंच दिलं. तोऱ्यात दिलं.

ह्यांनी दादरा सोडला. ओतली. वास घेतला. तो मला उभ्या जागेवर आला. व्हिनेगर. आप्पांच्या वखारीत वाढलेलं हे नाक, त्याला दहा दिवस त्या खोलीतला वास ओळखू आला नव्हता. मला वाटत होतं, तो दवाखान्यातून कपड्यांवर येतोय.

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे आत गेले, उरलेल्या दहाही बाटल्या दोनदोन करून आणल्या, दादरे सोडले आणि ठरवल्याप्रमाणं नव्यापासून सुरुवात केली. एक घोट, तोंडात फिरवून, तस्तात थुंकायचं. पुढची. पान ओठाला लागलं तर बोटानं काढून कडेला ठेवायचे. सगळ्या आंबल्या होत्या, कुठली थोडी, कुठली पार. मी म्हटलं, "अवो, ऱ्हाऊ द्या की." त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. वहीत काही लिहिलं नाही.

शेवटी सांबऱ्याची. ती त्यांनी खूप वेळ तोंडात धरली. डोळे मिटलेले. सुजलेला गाल आतून हलत होता. तिच्यात काही उरलं होतं का, मला आजवर माहीत नाही. मी विचारलं नाही. एवढं बघितलं की ती त्यांनी थुंकली नाही. गिळली.

मग उठले, चंचुपात्रं स्वतः धुतली, पालथी घातली आणि म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

त्या दिवसानंतर तो विषय घरात निघाला नाही. मी रोज वाट बघायची, आज बोलतील, आज बोलतील. लाईटचे आठवडे गेले. तोंड आतून सोलवटलं. जेवण म्हणजे पातळ पेज, तीसुद्धा डोळे मिटून. जखमा भरल्या, वजन थोडं आलं, पण चव आली नाही. तीन महिने वाट बघितली, सहा महिने बघितली. आंबट-गोड काहीच नाही. मी केलेलं सगळं हे मुकाट्यानं संपवायचे. एकदा आमटीत मीठ विसरले तर ते माझ्याच ताटात मला कळलं. ह्यांचं ताट तेव्हा पुसून स्वच्छ झालं होतं.

मे महिन्यात हे आपणहून म्हणाले, "करवंदं आण. खानापूरची, बाजारातली नको." मी पाटीभर आणली. ह्यांनी ती निवडली, ठेचली, बरणीत घातली, रोज कान लावून गुडगुड ऐकली. ज्याला चव नाही तो माणूस वाईन करतोय, हे बघताना मला आत जाऊन बसावंसं वाटायचं. ह्यांचे हात मात्र चुकत नव्हते.

ती करवंदाची वाईन ह्यांच्या हातची शेवटची. पुढच्या पावसाळ्यात गाठ परत आली, आणि यावेळी लाईट द्यायलाही कुणी बोलावलं नाही.

पण त्याआधी, थंडीत, एक दुपार होती. पहिली बाटली भरायची वेळ झाली होती. ह्यांनी एकच चंचुपात्र मांडलं, माझ्या पुढ्यात. स्वतः रिकाम्या हातांनी समोर बसले. मी वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला. कच्ची होती, भांडखोर होती, मागं कडवट काहीतरी रेंगाळत होतं, आणि एवढं सगळं असताना डोळ्यांसमोर मला तीच अकरा टोपरी दिसत होती. मी घाईघाईनं गिळली आणि म्हटलं, "लई छान झालीया. खरंच. एकदम छान."

ह्यांनी वही उघडून मांडीवर घेतली, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले,

"छान हाय म्हणून नको सांगूस गं. कशी लागती ते सांग. सावकाश सांग, मला वेळ हाय."