शेवग्याखालचा हौद

आधी चहा संपवा, मग ऐका. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. येडेपणा कोण करत नाही हो? पण लोक आपला येडेपणा घरात, दार लावून करतात. मी केला तो महापालिकेच्या मॅडम, एक मिस्त्री आणि अर्ध्या गल्लीसमोर. वर त्यासाठी रीतसर अर्जही दिला होता!

मी गौतम. नांदेडातच वाढलो. नोकरी विष्णुपुरीकडं, एका कॉलेजच्या लायब्ररीत. दिवसभर पोरांना 'शांत बसा' म्हणतो, पण मला स्वतःला पाच मिनिटं एका जागी बूड टेकवता येत नाही. संगीता, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "तुमी समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊच देत—" तिचं हे वाक्यसुद्धा आजपर्यंत कधी पुरं झालेलं नाही.

तर यंदा आम्ही बाबांनी बांधलेलं घर पाडलं. स्लॅब गळत होता, भिंती फुगल्या होत्या. आम्ही गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथला जिना असा उभा, की आईच्या गुडघ्यांना तो जमेना. म्हणून आईला बहिणीकडं कंधारला पाठवलं. तिथून तिचा रोज फोन. "गौतम, माझ्या घरात कधी नेतूस मला?"

घर पाडायला जेसीबीला एक दिवस पुरला. आणि बांधायचा परवाना? नकाशा तीनदा परत आला! एकदा जिन्याचं माप चुकलं, एकदा सही राहिली. तिसऱ्यांदा शेरा आला, 'सेप्टिक टँकची जागा दाखवावी.'

आता दाखवावी म्हणजे काय, खांदूनच दाखवतो की! आमचे नागनाथ मिस्त्री म्हणाले, "सायेब, परवान्याबिगर बांधकाम न्हाई करता येत. पर खड्डा मारून ठेवू."

मागच्या कोपऱ्यात खड्डा सुरू झाला. चार फुटावर टिकाव ठणकन वाजला. खडक! आणि त्या खडकावरून, पलीकडच्या बाजूनं, काळं पाणी झिरपायला लागलं. वास असा, की मिस्त्री शिडी न लावता वर आले.

मी कंपाऊंडवरून वाकून बघितलं. पलीकडं सत्तारचाचांचं अंगण. शेवग्याचं झाड, आणि झाडाखाली सिमेंटचं मोठं झाकण. संडासाचा हौद!

सत्तारचाचा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर, बाबांचे जिगरी दोस्त. मी त्यांच्या अंगणातच रांगलो. शिवाय आमच्या कामाला पाणीसुद्धा त्यांच्याच बोअरचं.

मिस्त्री म्हणाले, "पाणी तिकडून येऊन राहिलंय खरं. पर एकडाव चाचाला इचारून—"

पण माझी स्कूटर तवर चालू झाली होती.

महापालिकेत बसून मी असा अर्ज खरडला, की काय विचारता! 'शेजाऱ्याच्या बेफिकिरीमुळे व गळक्या सेप्टिक टँकमुळे माझ्या कुटुंबाच्या आरोग्यास गंभीर धोका निर्माण झाला आहे.' खरं तर त्या जागेवर कुटुंब नव्हतं. विटा होत्या. पण हात चालू झाला की थांबतो का माझा?

पुढचे चार दिवस विचारू नका. रोज सकाळी महापालिका, दुपारी महापालिका. तिथला शिपाई मला बघितलं की आपोआप म्हणायचा, "न्हाई आल्या तपासणीच्या मॅडम." जेवताना उठायचो, झोपेतून उठायचो. आणि रोज नव्या सिमेंटच्या विटा भिजवायला चाचांच्या अंगणातून पाइप ओढून आणताना मान खाली. एकीकडं त्या माणसाचं पाणी घेतोय, दुसरीकडं त्याच्यावरच अर्ज!

एकदा चाचांनी हाक मारली. "बेटा, तू कोपऱ्यात खड्डा मारला म्हणं? अरे, तिथलं असं हाय की—"

"चाचा, लई घाईत हाय! नंतर बोलू!"

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "मागच्या कोपऱ्यात खांदून राहिलास? अरे, तिथं तुझ्या बाबानं—"

"आई, परवान्याचं टेन्शन हाय, मी करतो फोन!"

नाही केला.

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. वयानं लहान, हातात टेप आणि माझा अर्ज. गल्ली गोळा झाली. मी पुढं होऊन सगळं दाखवलं. खड्डा दाखवला, पाणी दाखवलं, वास तर दाखवायची गरजच नव्हती. चाचा लुंगी सावरत बाहेर आले. तक्रार त्यांच्यावरच आहे, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं.

"गौतम, अर्ज दिलास तू? मला बोलायचं की बेटा. तो हौद तर—"

"चाचा, मॅडमना त्यांचं काम करू द्या!" असं मी म्हणालो. हो, मीच.

मॅडम म्हणाल्या, "रंग हाय का कुणाकडं? पाणी कुठं जातंय ते कळंल." संगीतानं रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग आणला. मॅडमनी तो बादलीत कालवला आणि चाचांच्या संडासात ओतायला लावला. आम्ही सगळे शेवग्याखाली, झाकण उघडून, नाकाला रुमाल लावून उभे. मी तर इतका वाकलो होतो, की मिस्त्रींनी माझा शर्ट मागून धरून ठेवला.

काळंच. गुलाबीचा पत्ता नाही.

तेवढ्यात पुढून चाचींचा आवाज. "अहो, गेटपाशी या, इथलं झाकण उघडलं मी, इथं गुलाबी झालंय!"

चाचांचा हौद पुढं, गेटपाशी होता. चांगला धडधाकट, कुठं गळती नाही.

"मग हा कुणाचा?" मॅडमनी विचारलं. नागनाथ मिस्त्री माझ्या मोकळ्या जागेत गेले, राडारोडा बाजूला केला. आमच्या जुन्या संडासाच्या पाइपाचं तुटकं तोंड सापडलं. त्यात दुसरी बादली ओतली.

शेवग्याखालचा हौद हळूहळू गुलाबी झाला.

काय सुंदर रंग होता हो! माझंही तोंड तसंच झालं असणार.

आता चाचांना पहिल्यांदा पुरं बोलायला मिळालं. "घर बांधलं तवा, तुझ्या जन्माआधी, तुमच्या बाजूला खडक लागला व्हता. तुझा बाप डोकं धरून बसला. मी म्हणलं, माझं आंगण रिकामं पडलंय, हितं बांध. तवापासून तुमचा हौद हितंच हाय. घर पाडताना जेसीबीचा धक्का बसला, तडा गेला असंल त्याला. तुला ठाऊक असंल असं वाटलं मला."

म्हणजे माझ्या जन्मापासून आमच्या घरची घाण त्या माणसानं आपल्या अंगणात ठेवून घेतली. एका शब्दानं बोलला नाही. आणि बेफिकीर शेजारी कोण? अर्जात लिहिलंच होतं, फक्त नाव चुकलं होतं.

मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच! चाचा काही रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "विटांवर पाणी मारायचं राहिलं ना आज? मोटर चालू करतो," आणि आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्या दिवशी आईला फोन केला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ लागला.

मॅडमना म्हणालो, "अर्ज परत घेतो." त्या म्हणाल्या, "नोंद झाली. आता सुनावणी होणार. तवर तुमची परवान्याची फाइल बी हालत न्हाई." आठवड्यानं नोटीस आली, हौदाच्या मालकाला. म्हणजे मला. 'उभय पक्षांनी समक्ष हजर राहावे.'

गेलो. कारकून मान वर न करता म्हणाला, "तक्रारदार?"

"हजर."

"सही करा. ज्याच्यावर तक्रार हाय तो?"

"हजर."

"कुठं हाय?"

"मीच."

त्यानं चष्मा काढला, कागद बघितला, मला बघितलं, परत चष्मा लावला. "दोन्ही रकान्यात सही लागती. दुसरी जराशी येगळी करा, सायेब इचारत्यात."

केली. मग तो म्हणाला, "आपसात तडजोड व्हती का बघा. भाईर बाकावर बसा, बोलून घ्या, अन् काय ठरलं ते लिहून आणा."

बाहेर बाकावर जाऊन बसलो. एकटाच.

खोटं कशाला सांगू, पाऊण तास लागला. दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते!