नसलेल्या अस्वलाचा पंचनामा

बलभीम मध काढायचा. घोडकीच्या वाडीवरच्या डोंगरात कड्याला लागलेली आग्या मोहळं तो एकटाच उतरवायचा. सोबतीला कुणी नको असायचं त्याला. दोघं असले की बोलणं होतं आणि बोलण्यानं माशा बिथरतात, असं त्याचं म्हणणं. कमरेला दोर, खांद्यावर कुऱ्हाड, धुरीसाठी ओला पाला. सकाळी गेलेला माणूस दिवस कलताना डबा भरून खाली यायचा. तीस वर्षं त्यानं तो डोंगर तुडवला. साळिंदर कुठल्या कपारीत राहतं, लांडगे कुठल्या वाटेनं पाण्यावर येतात, सगळं त्याला पायाखालचं. अशा माणसाला कुणी पंख्याखाली बसून सांगावं की बाबा रे, तुझ्या डोंगरात हे जनावर नाहीच, तर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

झालं ते नागपंचमीला. त्या दिवशी वाडीत कुणी विळा धरत नाही, जमीन उकरत नाही, त्यामुळं शिवारात चिटपाखरू नव्हतं. बलभीमची बायको सारजाबाई सकाळीच दूध-लाह्या घेऊन डोंगराच्या पायथ्याला, त्यांच्या बांधावरच्या वारुळाची पूजा करायला निघाली. लांबून बघते तर वारूळ निम्मं फोडलेलं आणि काळी घोंगडी पांघरून कुणीतरी वाकून माती उपसतंय. गुप्तधनाच्या नादानं वारुळं खणणारे लोक तिनं ऐकले होते. पण पंचमीच्या दिवशी? बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी कुणी असती तर मागं फिरली असती. ही ताट तसंच हातात धरून पुढं गेली आणि ओरडली, "कोण हाय रं, आजच्या दिवशी खणतोयस?"

घोंगडी वळली. ते अस्वल होतं. मुंग्या खायला आलेलं, नाक मातीनं भरलेलं, तेही दचकलं असणार. त्यानं एक पंजा मारला आणि डोंगराकडं पळालं. कानशिलापासून जबड्यापर्यंत सारजाबाईच्या गालावर चार चिरा पडल्या. डोळा वाचला एवढंच.

दवाखान्यात बावीस टाके पडले. टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी बलभीमला बाहेर काढलं आणि सारजाबाईला हळूच विचारलं, बाई, खरं सांगा, कुणी मारलं? तिनं अस्वल सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, "रुग्णाच्या सांगण्यानुसार". जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं बलभीमचं तोंड हुंगून पाहिलं आणि रोज किती पिता म्हणून विचारलं. जन्मात थेंब न शिवलेला माणूस तो.

वाडीत तर आणखी मजा. शेजारचा युवराज, चौकात पंक्चरचं दुकान चालवणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, अस्वल म्हणे, सर्कस आली होती का आपल्याकडं? दोन दिवसांत सगळ्यांचं ठरूनही गेलं. एकलकोंडा माणूस, कुणात मिसळत नाही, खांद्यावर कायम कुऱ्हाड. नवऱ्यानं हाणली आणि नाव जनावरावर ढकललं. ज्या बायकांनी सारजाबाईबरोबर एका शेतात खुरपणी केली, त्यासुद्धा मानभावीपणानं म्हणू लागल्या, बाईच्या जातीला झाकावंच लागतं बाई. तिच्या तोंडून जे निघत होतं ते कुणाला नको होतं. तिनं न सांगितलेलं मात्र प्रत्येकाला स्वच्छ ऐकू येत होतं.

हे सगळं बलभीमनं सोसलं असतं. पण कळंबला दिलेली लेक हर्षाली आईच्या शुश्रूषेला आली होती. एका दुपारी तो पाण्याची घागर घेऊन दारात आला, तेव्हा ती आत आईला विचारत होती.

"आई, म्या कुनाला सांगत न्हाय. तात्यांनीच मारलं ना?"

घागर त्यानं उंबऱ्याजवळ ठेवली आणि तसाच मागं फिरला.

तो तडक वन कचेरीत गेला. वनपालानं शांतपणे कपाटातून एक यादी काढली. बिबट्या होता, लांडगा होता, तरस होतं, रानडुक्कर होतं. अस्वल नव्हतं. आपल्या जिल्ह्यात अस्वलाची नोंद नाही, रानडुक्कर लिहायचं असेल तर लिहितो, असं त्यानं उदार मनानं सांगितलं. डुकराचा दात आणि अस्वलाची नखं यात फरक असतो, हे बलभीमनं त्याला समजावलं. जागेवर येऊन वारूळ तरी बघा म्हणाला. गाडीला डिझेल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बलभीमनं काट्याला अडकलेले लांब काळे केस आणि मुंग्यांच्या टरफलांनी भरलेली विष्ठा पिशवीत बांधून नेली. वनपालानं ती खिडकीत ठेवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी विचारायला गेला तर शिपायानं ती झाडून टाकलेली. कुत्र्याचे केस असतील, वनपाल म्हणाला.

मग बलभीम एकटाच अस्वलाच्या मागं निघाला. खोटं कशाला बोला, मारायलाच निघाला होता. तीन दिवस त्यानं माग काढला. तळव्याच्या पुढं लांब उमटलेली नखं, जागोजाग उकरलेली वारुळं, बोरीच्या खोडावरचे ओरखडे. तिसऱ्या दिवशी भर दुपारी दक्षिणेकडच्या कपारीत त्याला घोरणं ऐकू आलं. आयुष्यभर मोहळाला दिली तशीच धुरी त्यानं कपारीच्या तोंडाला दिली आणि वरच्या खडकावर कुऱ्हाड घेऊन बसला. अस्वल खोकत, डोळे मिटून बाहेर आलं. पहिला घाव मानेवर बसला. ते उलटलं, त्याच्या दंडाचं मांस फाडलं. दुसऱ्या घावाला ते खाली बसलं आणि मग उठलं नाही.

जवळून बघितलं तर म्हातारं जनावर. दात झिजलेले, बरगड्या दिसत होत्या. कुठल्या जंगलातून किती कोस चालत आलं असेल कोण जाणे. बलभीमला स्वतःचीच लाज वाटली. याच्याशी त्याचं काय भांडण होतं? ज्यांच्याशी भांडण होतं ते सगळे खुर्च्यांवर बसलेले होते. दंडाला पटका गुंडाळून तो कड्यावर चढला, मोबाईलला रेंज येते तिथं उभा राहिला आणि त्यानं वनपालाला फोन लावला.

"सायेब, तुमच्या जिल्ह्यात नसलेलं अस्वल मेलंय. म्या मारलंय. या."

दोन तासांत दोन गाड्या आल्या. डिझेल कुठून आलं देव जाणे. नऊ माणसं आली, गुरांचे डॉक्टर आले, फोटो काढणारा आला. टेप धरून नाकापासून शेपटापर्यंत मापं घेतली. आणि त्याच वनपालानं, कुणाला न विचारता, यादी न काढता, कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं: अस्वल, नर, प्रौढ. पंच म्हणून वाडीतून युवराजला आणलं होतं. त्यानं खाली मान घालून त्या शब्दाखाली सही केली. बाईचा गाल फाटला तेव्हा हे जनावर जगात नव्हतं, मेल्याबरोबर ते कायद्यानं मारायला बंदी असलेल्या जनावरांच्या पहिल्या अनुसूचीत जाऊन बसलं. या न्यायाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बलभीमनं हात पुढं केले. गुन्हा केलाय, न्या म्हणाला. फक्त हाच शब्द माझ्या बायकोच्या कागदावर पण लिहा. वनपाल म्हणाला, ते प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागेल.

तेवढ्यात वाडीत पोचलेली बातमी ऐकून, हर्षालीच्या खांद्याचा आधार घेत सारजाबाई वर आली. पंधरा दिवस तोंडावर ओढलेला पदर तिनं मागं टाकला. सगळे बाजूला झाले. ती अस्वलाजवळ खाली बसली, त्याचा जड पंजा दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या गालाला लावला. चार नखं चार चिरांवर आली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. वनपाल कागदात बघत राहिला.

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पंजा तसाच धरून ती लेकीकडं वळली.

"बघ," ती म्हणाली. "तुज्या बापाचा हात एवढा हाय का?"

बलभीमला गाडीत बसवत होते, तिकडं हर्षाली धावली. पण तोवर गाडीचं दार लागलं होतं.